मॅरेथॉनला स्वयंसेवक म्हणून जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती रस्त्यावर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी आहे. त्यांना तिथे उभं करणाऱ्या छोट्या आयोजकांनीही ती वाचावी. उदाहरणं मुंबई मॅरेथॉनच्या मार्गावरची आणि राज्यातल्या हाफ मॅरेथॉनची आहेत, पण पाण्याचं टेबल नाशकात मांडा नाहीतर नागपुरात, हिशोब तोच राहतो.

स्वयंसेवकांना नेमकी कुठली कामं असतात?

सर्वात जास्त माणसं लागतात पाण्याच्या केंद्रांवर. त्याखालोखाल चौकात आणि वळणांवर, सामान ठेवण्याच्या जागेवर, शेवटच्या रेषेपलीकडे पदक आणि खाऊ वाटायला. एक्स्पोमध्ये, म्हणजे आदल्या दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनात, बिब (धावपटूने छातीवर लावायचा क्रमांक) वाटायलाही माणसं लागतात. थंड सभागृहात बसून करायचं काम म्हणून त्यासाठी सगळे हात वर करतात. प्रत्यक्षात आठ तास तेच ओळखपत्र, तेच 'टी-शर्टचा साइज बदलून मिळेल का', तेच 'मित्राचं बिब मी नेतो'. नवख्याने पहिल्या वर्षी पाण्याचं केंद्र घ्यावं. काम अंगमेहनतीचं आहे, पण चार तासांत संपतं आणि एकटं पडायला होत नाही.

पहाटे किती वाजता पोचायचं? आणि पोचायचं कसं?

पहिला धावपटू तुमच्यासमोर येण्याच्या किमान दोन तास आधी. मुंबईत हौशी धावपटूंची शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटते, त्यामुळे सुरुवातीच्या केंद्रांवर तीनला माणसं हजर लागतात. मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वे खास लोकल सोडते, पण त्या धावपटूंच्या वेळेला जमणाऱ्या असतात. तुम्हाला त्याही आधी पोचायचं असतं. शिवाय एकदा रस्ते बंद झाले की रिक्षा, टॅक्सी, तुमची स्वतःची दुचाकी, काहीच मार्गाच्या आत येत नाही.

त्यामुळे तीनच पर्याय उरतात. आदल्या रात्रीच्या शेवटच्या गाडीने येऊन केंद्राजवळ कोणाकडे तरी झोपायचं, चार-पाच जणांनी मिळून रात्री अडीचला गाडी करायची, किंवा आयोजकांची बस पकडायची. सी लिंकवरच्या केंद्रासाठी तर बसच लागते, कारण एरवीही त्या पुलावर पायी जायला परवानगी नाही. आणि एकदा तिथे उतरलात की शर्यत संपेपर्यंत खाली येता येत नाही, हे घरून निघतानाच लक्षात ठेवा.

सोबत काय न्यायचं?

बंद बूट (चप्पल नको, पायावर पाणी आणि चिकट सरबत पडतं), मोज्यांचा जादा जोड, टोपी, स्वतःची पाण्याची बाटली, खिशात मावेल असं खाणं, पॉवर बँक, पातळ स्वेटर जो आठनंतर कमरेला बांधता येईल. जानेवारीत मुंबईतही पहाटे तीनला समुद्रावरचा वारा बोचतो आणि दहाला ऊन भाजतं. कात्री किंवा कटर, एक चिकटपट्टी आणि जाड मार्कर प्रत्येक केंद्रावर निदान एकाने आणावा. पाण्याच्या जारची सीलं नखांनी उघडताना अर्धा तास जातो आणि नखंही जातात.

पाण्याच्या केंद्राची मांडणी कशी करायची?

सर्वात मोठी चूक म्हणजे सगळी टेबलं एकाला एक चिकटवून लावणं. मग सगळा घोळका पहिल्याच टेबलावर अडकतो, मागचे पुढच्यांवर आदळतात आणि शेवटची टेबलं भरलेलीच राहतात. टेबलं एका ओळीत लावा, पण दोन टेबलांमध्ये चार-पाच मीटर अंतर सोडा. पूर्ण केंद्र पन्नास-साठ मीटर लांब झालं तरी हरकत नाही. केंद्र येण्याआधी शंभर मीटरवर फलक लावा, नाहीतर फलक धरून एक माणूस उभा करा.

वळणावर केंद्र लावू नका, कारण धावपटू वळणाची आतली बाजू धरून येतात. उतारावरही नको: वेग जास्त, रस्ता ओला, माणूस घसरतो. चढ संपल्यावर सपाटीला लागताच जागा मिळाली तर उत्तम. मुंबईत पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात येतो तेव्हा पाणी हवं असतं चढ संपल्यावर. चढाच्या मध्यावर थांबलेला माणूस पुन्हा पळायला लागत नाही.

एनर्जी ड्रिंक आधी आणि पाणी नंतर, की उलट, यावर वाद घालत बसू नका. आयोजकांनी जो क्रम ठरवला असेल तोच सगळ्या केंद्रांवर ठेवा. क्रम बदलला की लोक पाणी समजून गोड सरबत डोक्यावर ओततात, आणि मग उरलेले दहा किलोमीटर चिकट डोळ्यांनी धावतात.

किती पाणी, किती ग्लास, किती माणसं? आकडे सांगा.

समजा, हाफ मॅरेथॉन आहे, ३,००० धावपटू आहेत आणि तुमचं केंद्र दहाव्या किलोमीटरला आहे.

माणशी दीड ग्लास धरा. एक जण एक घेतो, दुसरा दोन घेतो, तिसऱ्याच्या हातून पडतो. म्हणजे ४,५०० ग्लास. २०० मिलिलिटरचा कागदी ग्लास घ्या आणि त्यात १५० मिलिलिटरच पाणी भरा. काठोकाठ भरलेला ग्लास धावत्या माणसाच्या हातात निम्मा सांडतो. ४,५०० गुणिले १५० म्हणजे ६७५ लिटर, म्हणजे २० लिटरचे ३४ जार. हात धुणं, डोक्यावर ओतणं आणि सांडणं धरून ४० जार मागवा. चहाचे छोटे कप स्वस्त पडतात म्हणून आणू नका. ते धरता येत नाहीत आणि एका घोटात संपतात, मग प्रत्येक जण तीन उचलतो. पातळ प्लास्टिकचे ग्लास तर आणूच नका: राज्यात २०१८पासून आणि देशभरात जुलै २०२२पासून त्यांवर बंदी आहे.

आता खरी गोम. हे ३,००० जण सारख्या अंतराने येत नाहीत. पहिली पंचवीस-तीस मिनिटं तुरळक, मग अर्धा-पाऊण तास मिनिटाला सत्तर-ऐंशी माणसं, मग पुन्हा विरळ. गर्दी सुरू झाल्यावर भरत बसलात तर हरलात. गर्दी येण्याआधी दीड हजार ग्लास भरून ठेवलेले हवेत. सहा फूट बाय दोन फुटांच्या टेबलावर एका थरात सुमारे १८० ग्लास बसतात. त्यावर पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड ठेवून दुसरा थर रचायचा. चार टेबलांवर दोन-दोन थर म्हणजे जवळपास दीड हजार. तिसरा थर रचण्याचा मोह आवरा, खालचे ग्लास चेपतात आणि एक कोसळला की सगळे कोसळतात. फार लवकरही भरू नका. कागदी ग्लास तासाभरानंतर बुडातून मऊ पडायला लागतात.

वीस किलोचा जार तिरका करून थेट ग्लासात ओतता येत नाही. नळ असलेलं पिंप आणि दोन-दोन लिटरचे जग लागतात. तेच मागवायचं राहून जातं आणि मग चाळीस जार समोर असून पाणी मिळत नाही.

माणसं वीस: आठ जण ग्लास देणारे, सहा भरणारे, दोन जार उचलणारे, तीन रस्ता झाडणारे, एक प्रमुख. प्रमुखाने ग्लास हातात घ्यायचा नाही. त्याने घड्याळाकडे आणि शिल्लक जारांकडे बघायचं.

ग्लास हातात द्यायचा कसा?

वारीत पाणी वाटलं असेल तर एक सवय मोडावी लागेल: तिथे घेणारा थांबतो, इथे थांबत नाही. टेबलाला लागून उभे राहा, रस्त्याच्या मध्ये जाऊ नका. हात कोपरात किंचित सैल ठेवून पुढे काढा. ग्लास वरच्या कडेला दोन-तीन बोटांनी धरा, म्हणजे त्याला मधला भाग पकडायला मिळतो. तळहातावर ग्लास ठेवून धरला तरी चालतं. त्याने पकडला की तो धावतोय त्याच दिशेने तुमचा हात थोडा जाऊ द्या आणि लगेच सोडा. घट्ट धरून ठेवलात तर पाणी दोघांच्या तोंडावर.

नजरेला नजर द्या आणि हातातला ग्लास कशाचा ते ओरडा: 'पाणी! पाणी!' किंवा 'एनर्जी!' एका हातात पाणी आणि दुसऱ्या हातात सरबत असं कधीच धरू नका. धावपटूच्या सोबत चार पावलं पळत जाऊन ग्लास देणं आपुलकीचं वाटतं, पण ते नियमात बसत नाही. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमांनुसार पाणी देणाऱ्याने मार्गावर यायचं नाही आणि धावपटूच्या बाजूने चालायचंही नाही. हौशी धावपटूच्या बाबतीत कोणी बोट दाखवणार नाही, पण मागून येणाऱ्याला तुम्ही आडवे येता.

बाटल्या वाटायच्या असतील तर झाकणाचं सील आधी फिरवून ठेवा. घामेजल्या हाताने ते उघडत नाही. आणि झाकणं वेगळी गोळा करा. डांबरावर पडलेलं झाकण बुटाखाली गोटीसारखं फिरतं.

ओआरएस, केळी, मीठ यांचं काय?

एक लिटरसाठीचं ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. 'ताकद यावी' म्हणून घट्ट केलेलं ओआरएस पोटात मळमळ आणतं, पातळ केलेलं निरुपयोगी. वीस लिटरच्या पिंपात वीस पाकिटं, आणि पिंपावर मार्करने किती वाजता कालवलं ते लिहा.

केळी अर्धी कापून सालासकट ठेवा, सोललेल्या तुकड्यांवर दहा मिनिटांत माश्या बसतात. सालांसाठी टब टेबलापासून पुढे तीस मीटरवर ठेवा, टेबलाशेजारी नको. चिकटपणाचं आणि घसरण्याचं मूळ बहुधा केळ्याचं साल असतं, त्यामुळे झाडू मारणाऱ्याने आधी सालं उचलावीत, ग्लास नंतर.

जांघेत घासू नये म्हणून व्हॅसलिन देत असाल तर ते काडीवर किंवा चमच्यावर देऊ नका. दमलेला माणूस ते खाऊ समजून तोंडात टाकतो. हसू नका, खरंच होतं.

मार्गावरच्या सोसायट्यांमधले लोक स्वतःहून लिंबं, संत्री, बिस्किटं, चिक्की घेऊन उभे राहतात. त्यांना हाकलू नका. फक्त तुमच्या टेबलांच्या शंभर मीटर पुढे उभं राहायला सांगा.

कोणी कोसळलं तर?

आधी त्याच्याशी बोला. नाव विचारा, आज कुठला वार आहे ते विचारा. उत्तर धड आलं, तर सावलीत आडवं करा, पाय थोडे उंचावर, कपडे सैल, आणि वैद्यकीय पथकाला कळवा. उत्तर असंबद्ध आलं, झोकांड्या जात असतील किंवा माणूस उगाच भांडायला लागला, तर हा उष्माघात असू शकतो. त्वचा कोरडी पडायची वाट पाहू नका. धावताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असतो. अशा वेळी अंग थंड करायला लगेच सुरुवात करा: डोक्यापासून पायापर्यंत भरपूर पाणी ओता, मान-काखा-जांघेत बर्फ ठेवा, वारा घाला. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवायचं नाही.

भान हरपलेल्या माणसाला बळजबरीने पाणी पाजू नका. एक तर ते श्वासनलिकेत जातं. दुसरं, पाच-सहा तास धावताना नुसतं पाणी ढोसल्यानेही रक्तातलं सोडियम घसरतं, आणि त्याचीही लक्षणं गोंधळ, उलटी, डोकेदुखी अशीच असतात. त्यात आणखी पाणी म्हणजे आगीत तेल. फरक डॉक्टर ठरवतील.

हाकेला उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, खोली निदान पाच सेंटिमीटर. दुसऱ्याने त्याच वेळी एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र मागवायचं आणि पथकाला फोन करायचा. पथकाचा नंबर लागत नसेल तर १०८. फोनवर 'वरळीजवळ' सांगून उपयोग नाही. किलोमीटरचा फलक, खांबाचा क्रमांक आणि रस्त्याची कुठली बाजू, हे तिन्ही सांगा. हे ड्यूटीवर आल्या आल्या कागदावर लिहून खिशात ठेवायचं असतं, ऐन वेळी आठवत नाही. बिबच्या मागे बहुतेक ठिकाणी घरच्यांचा नंबर लिहिलेला असतो, तो आयोजकांना कळवा. तुम्ही स्वतः घरी फोन करू नका.

चौकात उभं असताना लोक रस्ता ओलांडायला भांडतात. काय करायचं?

सगळ्यात अवघड ड्यूटी हीच, आणि नेमकी हीच कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या पोरांना दिली जाते. वाहन अडवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, तुमचा नाही. तुमचं काम धावपटूला वळण दाखवणं आणि पायी माणसांना मधल्या फटीतून पलीकडे नेणं.

रस्ता रुंद असेल तर मध्ये दोन बॅरिकेडचं बेट करा. आधी बेटापर्यंत पाच-सहा जण न्या, मग फट पडली की पलीकडे. एकेकटं सोडू नका, घोळकाही सोडू नका. दूधवाला, पेपरवाला, औषध आणायला निघालेले काका, डायलिसिसला चाललेला रुग्ण, देवळात निघालेल्या आजी यांना 'बंद आहे' एवढंच सांगून भागत नाही. 'पुढच्या चौकातून पलीकडे जाता येईल, दहा मिनिटं लागतील' असं नेमकं सांगता आलं पाहिजे. त्यासाठी तुमच्या दोन्ही बाजूंचे ओलांडण्याचे बिंदू आधी पायी जाऊन बघा. रुग्णवाहिका आली तर धावपटूंना एका बाजूला घ्यायचं, ते ओरडले तरी. अंत्ययात्रेलाही तेच.

धावपटूंना काय ओरडून सांगायचं?

बिबवर नाव असेल तर नावाने हाक मारा. 'थोडंच राहिलंय' हे चुकूनही नको. तेहतिसाव्या किलोमीटरला हे ऐकून माणसाच्या पायातला उरलासुरला जीव जातो. खरा आकडा माहीत असेल तर सांगा: 'पुढचं पाणी दीड किलोमीटरवर', 'हा चढ तीनशे मीटर आहे'. माहीत नसेल तर टाळ्या वाजवा. ढोल-ताशा पथक केंद्रापासून दूर असू द्या, नाहीतर पाणी की सरबत ते ऐकू येत नाही.

शेवटचे धावपटू येईपर्यंत थांबायलाच हवं का?

हो. आणि इथेच बहुतेक केंद्रं नापास होतात. पहिल्या तासात वीसच्या वीस जण उत्साहात असतात, फोटो निघतात. तिसऱ्या तासाला आठ उरतात. पाणी संपलेलं असतं, कारण मधल्या गर्दीत प्रत्येकाला दोन-दोन ग्लास दिले गेले. आणि मागून येणारा माणूस चार-पाच तास उन्हात असतो. पाण्याची खरी निकड त्याला असते, पुढे गेलेल्या सडपातळ मंडळींना तेवढी नसते.

म्हणून एकूण जारांपैकी पाचवा हिस्सा सुरुवातीलाच ताडपत्रीखाली बाजूला काढा आणि मधल्या गर्दीत त्याला हात लावू नका; शेवटच्या धावपटूंमागून येणारा झाडू-वाहनाचा ताफा दिसेपर्यंत तो पुरला पाहिजे. केंद्र कधी बंद करायचं ते प्रमुख ठरवतो, गर्दी ओसरली म्हणून आपणहून टेबलं मिटायची नाहीत.

सामान आणि पदक वाटपात काय बिघडतं?

सामान घेताना काहीच बिघडत नाही, परत देताना बिघडतं. पिशव्या आल्या त्या क्रमाने रचल्या की शोधणं अशक्य. बिब क्रमांकाच्या शेकड्यांनुसार रकाने करा आणि प्रत्येक रकान्याचा क्रमांक डोक्याच्या वर दिसेल इतका उंच लावा. क्रमांकाची चिठ्ठी पिशवीच्या बंदाला लावा, अंगाला चिकटवली तर घासून निघते.

पदकांची जागा शेवटच्या रेषेपासून निदान शंभर मीटर पुढे असावी. रेषेवरच थांबून फोटो काढणाऱ्यांमुळे मागचा माणूस थेट त्यांच्या पाठीवर येतो. वेळ मोजणाऱ्या चटईवर तुम्ही उभे राहू नका आणि हातगाडीही नेऊ नका. बिबवर पदक दिल्याची खूण मार्करने करा, म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा येत नाही. बिब नसलेल्याला पदक नाही, पण पाणी मात्र द्या.

मुलींसाठी आणि बायकांसाठी काय सोय विचारून घ्यावी?

तीन गोष्टी, लेखी. पहाटे पोचवण्याची व्यवस्था कोण करणार. केंद्रापासून वापरण्याजोगं शौचालय किती मीटरवर आहे (फिरती शौचालयं धावपटूंसाठी असतात आणि सहानंतर ती बघवत नाहीत). केंद्रावर दुसरी स्त्री आहे का. शौचालय नाही म्हणून रात्रीपासून पाणी न पिता येणाऱ्या मुली दहा वाजता स्वतःच चक्कर येऊन बसतात. जवळच्या हॉटेलशी, सोसायटीशी किंवा शाळेशी आदल्या आठवड्यात बोलून ठेवणं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि आयोजकांनी ते करायलाच हवं.

इतके लोक नाव नोंदवतात, मग ऐन दिवशी येत का नाहीत?

कारण नाव नोंदवायला एक मिनिट लागतं आणि पहाटे अडीचला उठायला हिंमत. मोठ्या स्पर्धाही यातून सुटलेल्या नाहीत. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुमारे २२ हजार स्वयंसेवकांपैकी जवळपास १० हजार जण स्पर्धेआधीच गळाल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०१२च्या लंडन ऑलिंपिकला मात्र ७० हजार जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. लोकांमध्ये सेवाभाव कमी-जास्त होता एवढंच कारण सांगून आयोजकांनी सुटू नये. गणवेश कधी मिळणार, ड्यूटी कुठे, जेवण कधी, याचं उत्तर न मिळालेला माणूस घरी थांबतो.

लागतात त्यापेक्षा पाचवा हिस्सा जास्त नोंदवा. जागा, वेळ आणि प्रमुखाचा फोन आठ दिवस आधी कळवा. आदल्या संध्याकाळी संदेश पाठवून भागत नाही, फोन करा. आणि एकाच कॉलेजच्या मुलांना एकाच केंद्रावर ठेवा. मित्र येणार म्हणून माणूस येतो.

पैसे मिळतात का? प्रमाणपत्र?

मानधन सहसा नाही. टी-शर्ट, टोपी, नाश्ता, प्रमाणपत्र. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यात हे तास धरले जातील का ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा, नंतर सही मिळत नाही. प्रायोजकांच्या पैशावर चालणाऱ्या स्पर्धेने मुलांकडून आठ तास काम करून घ्यावं आणि प्रवासखर्चही देऊ नये, हे बरोबर नाही. तो मागायला लाजू नका.

नाश्त्याचं आणखी एक. पोह्यांची पाकिटं रस्ता बंद व्हायच्या आत, म्हणजे जारांच्या टेम्पोतूनच आली पाहिजेत. 'सातला गाडी पाठवतो' असं कोणी म्हटलं तर ती गाडी साडेअकराला येते.

घाटातल्या, पावसातल्या शर्यतीत काय वेगळं?

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाते, तेही पावसाळ्याच्या अखेरीस. तिथे पाणी कमी प्यायलं जातं, पण सामान वर नेणारा रस्ता एकच आणि तोच शर्यतीचा. विसरलेली वस्तू परत आणता येत नाही. रेनकोट घाला, छत्री नको: छत्री वाऱ्याने उलटते आणि धावपटूच्या डोळ्याला लागते. धुकं असेल तर चमकणारं जॅकेट घाला. मोबाइलची रेंज काही वळणांवर जाते, म्हणून वॉकीटॉकी किंवा दोन केंद्रांमध्ये दुचाकीवरचा निरोप्या हवा. कागदी ग्लासांचे गठ्ठे प्लास्टिकच्या पोत्यात ठेवा आणि एका वेळी एकच गठ्ठा फोडा.

काम संपल्यावर लगेच निघता येतं का?

केंद्राच्या पुढचा दोनशे मीटर रस्ता झाडल्यावर. धावपटू ग्लास टेबलाजवळ टाकत नाहीत, पिऊन झाल्यावर टाकतात, त्यामुळे कचरा तुमच्या कल्पनेपेक्षा बराच पुढे असतो. ओला कागद डांबराला चिकटला की झाडूने निघत नाही, खराटा लागतो. रिकामे जार मोजून परत करा, त्यांची अनामत असते. उरलेलं ओआरएस ओतून द्या, पण उरलेलं पाणी नको: चौकातले पोलीस आणि सफाई कामगार पहाटेपासून तिथेच उभे असतात, आधी त्यांना विचारा.